गोत्र विचारणारे भक्त

माघ वद्य सप्तमीला शेगावात पाय ठेवायला जागा मिळत नाही. 23 फेब्रुवारी 1878 रोजी देविदास पातूरकरांच्या घराबाहेर उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अग्रवालांच्या नजरेस पडला, तो हा प्रकटदिन. त्याचे आईबाप कोण, गाव कुठले, जात कोणती, हे तेव्हा कुणाला कळले नाही आणि आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पुष्कळांनी त्याला वेड्यातच काढले होते. त्याच गजानन महाराजांपुढे आज पोटी मूल यावे म्हणून पारायणे होतात, नवस बोलले जातात. एवढे करूनही पाळणा हलला नाही आणि कुणी दत्तक घेण्याचे सुचवले, तर घरातून पहिला प्रश्न येतो, ‘रक्त कुणाचं?’ मूल ऐकू न येणारे, मंदबुद्धी किंवा पायाने अधू असेल तर हा प्रश्नही विचारला जात नाही. विषयच बंद होतो.

शेगाव ज्या जिल्ह्यात आहे त्या बुलढाण्याला श्रद्धेने वाट पाहणे शिकवावे लागत नाही. प्रश्न आहे तो वाट कुणाची पाहायची हा. दत्तकासाठी केंद्रीय प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, नोंदणी केलेली जोडपी देशभरात तीस हजारांवर आहेत. निरोगी तान्ह्या बाळासाठी त्यांना तीन-चार वर्षे थांबावे लागते. ‘मूल मिळत नाही हो,’ अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. विशेष गरजा असलेल्या मुलांकडे पाहिले तर नेमके उलट चित्र दिसते. तिथे मुले थांबलेली आहेत. त्यांच्यासाठी ज्येष्ठता यादीत ताटकळावे लागत नाही. संकेतस्थळावर त्यांचा वेगळा विभाग आहे, नोंदणी झालेला पालक तिथून मूल निवडू शकतो. घरात आधीच दोन मुले असलेल्या जोडप्यालाही कायदा हे दार उघडे ठेवतो. तरी 2019-20 पासूनच्या पाच वर्षांत देशात जी अठरा हजारांहून अधिक दत्तकविधाने झाली, त्यांत ही मुले जेमतेम चौदाशे. त्यांतलीही बहुतेक परदेशी गेली. आपण ज्याला नशिबाचा भोग म्हणतो, त्या लेकराला विमानात बसवून नेणारे आईबाप सातासमुद्रापार निघतात. वंशाचा दिवा, कुलदीपक ही सारी भाषा मात्र आपली!

कुणी असे मूल घ्यायचे ठरवलेच, तरी कधी नियम आडवा येऊन वाट पाहावी लागते. पुण्यात नोकरी करणाऱ्या आदित्य तिवारी यांनी 2014 मध्ये इंदूरच्या अनाथालयात डाऊन सिंड्रोम असलेला एक मुलगा पाहिला आणि मनाशी धरला. हे स्वतः अविवाहित, वय तिशीच्या आतले आणि तेव्हाच्या नियमात एकट्या पालकाला किमान वयाची अट तीस. दीड वर्ष त्यांनी पत्रे लिहिली, कार्यालयांचे उंबरे झिजवले, चेष्टा सहन केली. 2015 मध्ये नियमातले वय पंचवीसवर आले आणि 1 जानेवारी 2016 रोजी मूल घरी आले. मला श्रद्धा म्हणून हे उदाहरण जास्त पटते, कारण मूल बरे होईल या आशेवर हा माणूस थांबला नव्हता. ते जसे आहे तसे आपले व्हावे, एवढ्याचसाठी थांबला होता.

हा फरक आपल्या जिल्ह्याला तरी नीट कळायला हवा. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी दर्ग्यावर होळीच्या यात्रेत मनोरुग्णांना घेऊन दुरून कुटुंबे येतात. त्यांच्या श्रद्धेची टिंगल करण्याचे कारण नाही, दवाखान्यात सगळे पैसे संपल्यावरही माणूस तिथे येतो. पण बरे होण्याच्या अटीवर बसलेली श्रद्धा गुण आला नाही की सुटते, आणि मग माणूसच मागे सोडला जातो. चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळ येथे नंदकिशोर आणि आरती पालवे यांचा सेवासंकल्प प्रतिष्ठान हा संसार अशाच बेवारस मनोरुग्णांना घेऊन चालतो. दत्तक मुलाच्या बाबतीत बरे होण्याची ही अट घातली तर नुकसान फार मोठे. काही दोष शस्त्रक्रियेने सुधारतात, काही जन्मभर सोबत राहतात. कोणता दोष कसला, हे वैद्यकीय अहवालात आधी वाचता येते. तो वाचून झेपणार नाही असे वाटले, तर सरळ नाही म्हणावे, त्यात लाज नाही. पुण्य लागेल म्हणून मात्र मूल घरी आणू नये. पुण्याचा उत्साह पहिल्या पावसाळ्यापर्यंत पुरतो, आणि उच्चारोपचाराला अकोल्याला किंवा संभाजीनगरला नेण्याच्या खेपा त्यानंतर सुरू होतात.

पालकांची खरी धास्ती वेगळीच असते: आमच्या माघारी याचे काय? ती खोटी नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर हाच प्रश्न सरकारला विचारत आले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दिव्यांग अनाथाने बालगृहातून बाहेर पडून जायचे कुठे? सरकारने कायदा करावा म्हणून बाबा मागे लागले आणि दरम्यान 123 मुलांना स्वतःचे नाव लावून मोकळे झाले. जळगाव रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली एक अंध मुलगी तेच आडनाव लावून 2024 मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री मिळाली. कायदा अजून मिळायचा आहे. सत्कार करायला आपण तत्पर असतो.

शेगावला येणाऱ्या जोडप्यांना कुणी हे सांगावे, अशी अपेक्षा गैर नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने प्रकटदिनाच्या गर्दीत एक टेबल मांडावे. नोंदणी कशी होते, गृहभेटीत काय विचारतात, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी ‘निरामय’ विम्यात एक लाखापर्यंतचा खर्च कसा मिळतो, मूल अठराचे झाल्यावर पालकत्वाचा अर्ज कोणत्या समितीकडे द्यायचा, एवढे सांगणारा एक माणूस तिथे बसवावा. ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्याच अध्यक्षतेखाली असते. दत्तकाचा अंतिम आदेशही सप्टेंबर 2022 पासून न्यायालयाऐवजी त्यांच्याच सहीने निघतो. घर तयार आहे, खाट मांडली आहे आणि फाइल कुणाच्या तरी कपाटात आहे, अशा कुटुंबाला धीर धरायला सांगण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नाही. कायद्याने त्या सहीला दोन महिन्यांची मुदत दिली आहे.