मिरचीची हौस आणि मिरचीचा हिशेब

आपल्या परभणी जिल्ह्यांत ज्या घरामागें थोडें परस आहे, तेथें मिरचीचीं दोन-चार झाडें नाहींत असें क्वचितच आढळेल. कोणी लवंगीचें रोप लावितो, कोणी पाहुण्याकडून मिळालेलें नवें बी रुजवितो. ही हौस निर्दोष आहे व ती विद्यार्थ्यांस शोभणारी आहे. परंतु झाडें वाढलीं, घरास पुरून मिरच्या उरूं लागल्या, म्हणजे एक प्रश्न सहजच पुढें येतो. या हौसेचा लहानसा धंदा करावा कीं नाहीं? कित्येक पालक म्हणतात कीं, शिकणाऱ्या मुलानें बाजारांत बसूं नये. उलट कित्येक उत्साही मुलांस पहिल्या तोडणीबरोबरच दुकानाची पाटी डोळ्यांपुढें दिसूं लागते. आमचें मत असें कीं, धंदा अवश्य करावा. मात्र हौसेचें माप बाजूस ठेवून हिशेबाचें माप हातीं घेतल्यावांचून करूं नये.

मिरची मूळची आपल्या देशांतील नव्हे. अमेरिका खंडांतून ती पोर्तुगीज लोकांबरोबर सोळाव्या शतकांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली. तत्पूर्वीं आपल्या स्वयंपाकांतील तिखटपणा मुख्यत्वें मिऱ्यांचा होता. परक्या देशांतून आलेल्या या झाडानें आज आपली भाकरी आपलीशी केली आहे. ठेचा व येसर यांवांचून मराठवाड्याच्या जेवणाची कल्पनाही करवत नाहीं. हौसेंतून धंदा उभा राहिल्याचीं उदाहरणेंही आहेत. अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतांत एडमंड मॅकिलहेनी नांवाच्या गृहस्थानें, पूर्वीं पेढीचा व्यवसाय केला असतां, यादवी युद्धानंतर आपल्या बागेंतील मिरच्यांचा रस्सा बाटल्यांत भरून १८६८ च्या सुमारास विकावयास आरंभ केला. टबॅस्को या नांवानें तो आज जगभर जातो. इतकें दूर तरी कशास जावें? जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनीं भेंडीच्या सुधारलेल्या बियाण्यापासून आरंभ करून १९६४ सालीं बियाण्यांची कंपनी स्थापिली, व १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पारितोषिक मिळालें. मराठवाड्याची माती लहान आरंभास प्रतिकूल नाहीं, हें यावरून दिसून येईल.

प्रथम पिकाचा विचार करूं. आपली काळी जमीन ओल धरून ठेवते, हा कापसास गुण असला तरी मिरचीस तो दोष होऊं शकतो. मुळांशीं पाणी सांचलें कीं झाड मरतें. म्हणून रोपें गादीवाफ्यावर करावीं व लागवड वरंब्यावर करावी. फुलकिडे व कोळी यांमुळें पानें आंखडून चुरडामुरडा होतो. त्याची चाहूल लागतांच उपाय केला पाहिजे. दुसरी गोष्ट बियांची. मिरचीच्या फुलांत मधमाशा वगैरे कीटकांमुळें परागांची सरमिसळ सहज होते. शेजारीं शेजारीं चार जाती लावून त्यांचेंच बी धरणाऱ्यास पुढील वर्षीं पांचवीच जात हातीं येण्याचा संभव असतो. हौशी माणसास त्यांत गंमत वाटेल. गिऱ्हाइकास वाटणार नाहीं. ज्यानें गेल्या वर्षीं एक चव घेतली, तो यंदाही तीच मागणार. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे आणि 'परभणी तेजस' ही मिरचीची जात तेथलीच आहे. घराजवळ असें ज्ञानाचें भांडार असतां ऐकीव गोष्टींवर विसंबणें शहाणपणाचें नव्हे.

दुसरा भ्रम तिखटपणाचा. विल्बर स्कोविल या औषधशास्त्रज्ञानें १९१२ सालीं तिखटपणा मोजण्याची रीत काढली. तेव्हांपासून अधिकाधिक जहाल मिरची पिकविण्याची चढाओढ जगांत चालू आहे, व २०२३ सालीं 'पेपर एक्स' या अमेरिकन मिरचीची सुमारे २७ लक्ष स्कोविल अशी विक्रमी नोंद झाली. परंतु असली मिरची रोजच्या भाजींत कोण घालणार? कर्नाटकांतील ब्याडगी मिरची सौम्य असूनही तिच्या गडद लाल रंगासाठीं दूरदूरचे लोक ती मागून घेतात. २०११ सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें. तात्पर्य, आपणांस काय पिकवितां येतें हें हौस विचारते. शेजारणीच्या डब्यांत काय संपतें हें धंद्यानें विचारावें.

आतां हिशेब. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दोन-दोन फुटांवर रोपें लाविलीं तर त्यांत सुमारे २७० झाडें बसतात. पिकलेली लाल मिरची वाळली म्हणजे तिचें वजन चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर येतें. समजा, ओली लाल मिरची चाळीस रुपये किलोनें विकली जाते. चार किलो ओल्या मिरचीची एक किलो वाळली, तर वाळलेल्या किलोंत एकशें साठ रुपयांचा माल आधींच गेला. हें तिखट दोनशें रुपयांस विकणारा मुलगा चाळीस रुपये मिळाले म्हणून आनंदतो. परंतु देंठ किती निघाले, कांडपास काय दिलें, पिशवीस काय पडलें, हें त्यानें मांडलेंच नाहीं.

आणि सर्वांत मोठी रकम तर तो कधींच मांडीत नाहीं. ती म्हणजे आईची मजुरी. भर उन्हांत मिरच्या पसरणें, सायंकाळीं गोळा करणें, देंठ खुडणें, हाताची आग सोसणें, हें सारें घरांतील स्त्रिया करितात, आणि नफा मात्र ज्याच्या नांवाचा धंदा त्याच्या वहींत जमा होतो. कोणी म्हणतील, घरच्या माणसांत मजुरी कसली? आमचें उत्तर असें कीं, ती रोख द्या अगर न द्या, वहींत लिहा. ती लिहिल्यावरही कांहीं उरलें, तर धंदा खरा. न उरलें, तर तो धंदा नसून आईच्या श्रमांवर चाललेली हौस आहे.

यानंतर सचोटी. तिखटांत रंग, विटेची पूड किंवा कोंडा मिसळल्याचे प्रकार सर्वांस ठाऊक आहेत. घरगुती तिखटास लोक चार पैसे अधिक देतात ते याच भीतीनें. ती भीती हेंच आपलें भांडवल; तिचा विश्वासघात करणारा स्वतःचें दुकान स्वतःच बंद करितो. मिरची ओलसर राहिली तर तिला बुरशी लागते व ती विषारी होऊं शकते. म्हणून ती जमिनीवर न टाकतां स्वच्छ कापडावर कडकडीत वाळवावी. अन्न विकणारा कितीही लहान असो, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें त्यानें नोंदणी करणें अवश्य आहे. या कामीं पालकांनीं पुढें व्हावें.

भांडवलासाठीं कर्ज काढूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगतों. मुंबईस गिरगांवांत १९५९ सालीं सात स्त्रियांनीं अवघे ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. तोच पुढें लिज्जतचा मोठा उद्योग झाला. प्रथम दहा घरांस विकावें; तींच घरें दुसऱ्यांदा मागूं लागलीं, म्हणजे सेलू, मानवत किंवा जिंतूर यांपैकीं जवळच्या आठवडी बाजाराकडे पाहावें.

कापूस व सोयाबीन यांचा भाव काय निघेल, या चिंतेंत आपल्या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबांचें वर्ष सरतें. गुंठाभर मिरचीनें ती चिंता मिटेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आपल्या मालाची किंमत आपण मांडावयाची, हें ज्या मुलानें वा मुलीनें एकदां शिकून घेतलें, त्यांस उद्यां कोणताही अडत्या सहज फसवूं शकणार नाहीं. गणिताच्या तासास जें पाटीवर सोडविलें, तें परसांत पडताळून पाहण्याची ही संधि आहे. पालकांनीं ती मुलांस द्यावी, आणि मुलांनीं पहिल्या तोडणीपूर्वीं एक कोरी वही आणून तिच्या पहिल्या पानावर आईचें नांव लिहावें.