अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

जत्रेतल्या फुग्यांच्या दुकानासमोर आपण सगळेच कधी ना कधी नेमबाज होऊन उभे राहिलेलो असतो. फळीवर रांगेने टाचलेले रंगीत फुगे, हातात छऱ्याची बंदूक आणि मागे खिदळणारे मित्र. लाल फुग्यावर नेम धरावा तर शेजारचा पिवळा फुटतो, नाहीतर काहीच फुटत नाही. मग कुणीतरी म्हणतोच, 'नाचता येईना, अंगण वाकडे!' पण मंडळी, त्या बंदुकीची माशी पुष्कळदा खरोखरच वाकडी असते, हे चार जत्रा बघितलेल्या पोरालाही ठाऊक असते. तो पहिला छर्रा मुद्दाम वाया घालवतो, बंदूक कुणीकडे आणि किती मारते ते बघतो आणि तेवढे सोडून पुढचा नेम धरतो. त्याच्या लेखी अंगण वाकडे असणे ही सबब नसते, ती मोजून घ्यायची गोष्ट असते.

मराठीच्या मास्तराने बंदुकीवर का लिहावे, असे तुम्ही विचाराल. कारण आमच्या वर्गातली एक मुलगी. सौसरकडच्या एका खेड्यातली, संत्र्याच्या बागायतदाराच्या घरची. एन.सी.सी.च्या शिबिरात तिने पहिल्यांदा रायफल हातात घेतली आणि तिला गोडी लागली. घरी बागेतली वानरे हुसकायला काकांनी आणलेली एअर रायफल होती, स्प्रिंगची, वर दुर्बीण बसवलेली. त्या बंदुकीवर ती सराव करू लागली. महिन्याभराने म्हणाली, "सर, माझा नेमच नाही. सोडून देते." घरच्यांना बरेच वाटले. पोरीच्या हातात बंदूक कशाला, हा प्रश्न तिथे आधीपासूनच दबा धरून बसला होता.

तिने दाखवलेला कागद मी पाहिला. दहा मीटरवरून मारलेले पाच छर्रे तळहाताएवढ्या जागेत विखुरले होते. आता इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. पाचही छर्रे एकाच जागी पडले, पण ती जागा मध्यापासून डावीकडे असली, तर काळजी नको. दुर्बिणीचा स्क्रू फिरवला की काम झाले. पण छर्रे विखुरलेले असतील तर दुर्बिणीचा कोणताही स्क्रू फिरवून उपयोग नाही. मग काहीतरी ढिले आहे, नाहीतर बंदूक माणसाला बसत नाही. पेपर तपासताना आम्हाला हाच फरक दिसतो. एकच चूक पुन्हा पुन्हा करणारा विद्यार्थी लवकर सुधारतो. दर ओळीला नवी चूक करणाऱ्याचा पायाच तपासावा लागतो.

पाया म्हणजे इथे दस्ता. आम्ही ती बंदूक पांढुर्ण्यातल्या एका जुन्या सुतारबाबांकडे नेली. त्यांनी आयुष्यभर तिफण, वखर आणि डवरे भरले. त्यांनी बंदूक पाहिलीच नाही. आधी पोरीला उभे केले, कोपर वाकवायला लावले आणि कोपराच्या घडीपासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत माप घेतले. मग म्हणाले, "सर, बैलाच्या मापाचं जू गोऱ्ह्याले घातलं तर कसं चालन? पोरगी लहान, बंदूक मोठी." दस्ता जवळपास दीड इंच लांब होता. तो खांद्यात नीट बसावा म्हणून ती मान ताणत होती, पाठ मागे टाकत होती आणि दर वेळी गाल वेगळ्या जागी टेकत होता. गाल हलला की डोळा हलतो आणि डोळा हलला की दुर्बिणीतून दिसणारा मध्य हलतो. रुमण्याची उंची ज्याच्या त्याच्या कंबरेप्रमाणे ठेवतात, हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

बाबांनी दस्ता मागून कापला, टोकाला रबर लावले आणि गालाच्या जागी चामड्याची गादी चढवली. गादीची उंची ठरवायची रीत सोपी आहे. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, गाल सहज टेकवायचा, मग डोळे उघडायचे. दुर्बिणीतले वर्तुळ कडेला काळी कोर न येता पूर्ण दिसले तर उंची बरोबर. मान हलवावी लागली तर गादी कमी किंवा जास्त करायची.

नंतर दस्त्याच्या आतली बाजू. लोखंडी यंत्र लाकडात बसते आणि दोन-तीन स्क्रूंनी आवळलेले असते. पावसाळ्यात लाकूड फुगते, आपल्याकडच्या वैशाखात आखडते. स्क्रू लाकडालाच दाबत राहिले की लाकूड चेपते आणि स्क्रू पुन्हा ढिला होतो. यावर उपाय म्हणजे स्क्रूच्या भोकात पितळी नळीचा तुकडा बसवायचा. मग स्क्रूचा दाब लाकडावर न येता धातूवर येतो. यंत्र लाकडात हलत असेल तर मोकळ्या जागी आरल्डाइट भरतात. ते यंत्राला कायमचे चिकटू नये म्हणून लोखंडाला आधी मेण चोळायचे. एवढे केले की बंदूक दर वेळी आपल्या घरात त्याच जागी बसते.

आता दुर्बिणीच्या माउंटकडे वळू. स्प्रिंगची एअर रायफल दिसायला गरीब, पण स्वभावाने खट्याळ. घोडा दाबला की आतला दट्ट्या स्प्रिंगच्या जोराने पुढे धावतो आणि बंदूक मागे सरकते. पुढे दाबलेल्या हवेवर दट्ट्या आपटून थांबतो, तेव्हा बंदुकीला उलट, म्हणजे पुढे झटका बसतो. हे दोन्ही झटके छर्रा नळीत असतानाच सुरू झालेले असतात. मोठ्या रायफलीसाठी केलेल्या दुर्बिणीला एकाच बाजूचा धक्का माहीत असतो; या दुहेरी धक्क्याने तिच्या आतल्या काचा निखळू शकतात. आणि माउंट? तो छर्ऱ्यागणिक केसाकेसाने मागे सरकत जातो.

केसभराने काय होते, असे वाटेल. थोडे गणित करू. दुर्बिणीच्या दोन कड्यांमध्ये १०० मिलिमीटर अंतर आहे असे धरा. पुढची कडी ०.१ मिलिमीटरने, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीने हलली. तर दहा मीटरवर नेम १० मिलिमीटरने, म्हणजे चक्क एका सेंटिमीटरने सरकतो. स्पर्धेच्या दहा मीटरच्या लक्ष्यावर मधला दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो आणि प्रत्येक वर्तुळ पुढच्यापासून अडीच मिलिमीटरवर. म्हणजे एका कागदाची जाडी दहाच्या जागी सहा-सात गुण देऊन जाते. दोष मात्र पोरीच्या हाताला!

म्हणून माउंट काढून रुळावरचे तेल कापडाने कोरडे पुसले. माउंटच्या पोटातली रोधक खीळ बंदुकीवरच्या तिच्या खाचेत बसवली, म्हणजे मागे सरकायची वाटच बंद. कड्यांचे स्क्रू एका बाजूने आवळत न जाता सायकलच्या चाकाचे तार ओढतात तसे थोडे इकडे, थोडे तिकडे करत आवळले. जोर जास्त झाला तर दुर्बिणीची नळी चेपते, हेही ध्यानात ठेवायचे. शेवटी दहा मीटरवर गवंड्याचा ओळंबा टांगला आणि दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोरीशी जुळवली. दुर्बीण कलती बसली तर एका अंतरावर बरोबर लागणारा छर्रा दुसऱ्या अंतरावर बाजूला जातो.

या सगळ्यात एक शिस्त पाळली. एका वेळी एकच बदल, त्यानंतर त्याच डब्यातले पाच छर्रे, कागदावर तारीख. दोन बदल एकदम केले तर गुण कुणाचा ते कळत नाही. आणि तिला सांगितले, बंदूक मुठीत आवळू नकोस, तळहातावर नुसती विसावू दे. तिला तिचे झटके रोज सारखेच घेऊ दे. पंधरा दिवसांनी पाचांपैकी चार छर्रे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. हात तोच, पोरगी तीच.

मोठ्या खेळाडूंचेही असेच असते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीच्या आधी सरावाच्या वेळी अभिनव बिंद्रांचा छर्रा भलतीकडेच गेला. रायफलीची साइट हललेली होती, हे त्यांनी पुढे सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला नाही. साइट पुन्हा जुळवली आणि शेवटचा छर्रा १०.८ मारून सुवर्णपदक घेतले. आपल्या अंजली भागवतही एन.सी.सी.तूनच या खेळात आल्या आणि २००० साली सिडनीत अंतिम फेरीपर्यंत गेल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणले. त्याआधी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो आणि आपल्या मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्याचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर एकाच सुवर्णविजेत्या संघात होते. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही जोडी विशेष गोड वाटावी! ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, छिद्राची साइट असते. पण गाल, खांदा आणि दस्ता यांचे नाते तिथेही तेच.

दोन गोष्टी पालकांसाठी. ०.१७७ बोअरच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणे ठरत नाही. छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो, दगडावरून उलटून परत येऊ शकतो. मागे मातीची भिंत, डोळ्याला चष्मा आणि शेजारी मोठे माणूस, याशिवाय सराव नको. स्प्रिंग बदलून ताकद वाढवण्याच्या फंदात तर पडूच नका. दुसरे, बागेतला पोपट किंवा वानर हे लक्ष्य नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना मारणे गुन्हा आहे, आणि पूर्वी उपद्रवी प्राण्यांची जी वेगळी यादी होती तीही २०२२ च्या दुरुस्तीने गेली. लक्ष्य कागदाचेच असावे.

ही मुलगी पुढे कुठवर जाईल ते काळ ठरवील. पण 'माझा नेमच नाही' हे वाक्य तिने टाकून दिले, आणि तिचे काका आता शेजाऱ्यांना तो नाण्याएवढा कागद दाखवतात. आपल्या घरांत अशी किती वाक्ये पडून असतात! उंच ओट्यावर पोळ्या लाटून खांदे धरणारी सून, मोठ्या मुठीच्या विळ्याने बोट कापून घेणारी पोर, बाक उंच म्हणून अक्षर बिघडलेला मुलगा. त्यांना आपण सहज आळशी किंवा वेंधळे ठरवतो. तसे ठरवण्याआधी एकदा माप घ्यावे. अंगण वाकडे निघाले तर ते सारखे करता येते. आणि सरळ निघाले, तर मग नाचण्याचा सराव वाढवायचा. सुतारबाबांनी मजुरी घेतली नाही. म्हणाले, "पुढच्या वेळी पोरगी उंच झाली की आणजा, तुकडा परत जोडून देईन." कापलेला दीड इंचाचा तुकडा त्यांनी जपून ठेवला आहे.