कोथरूडचा नळ आणि आपला फाटा



चैत्र लागला की दोन ओरडी एकदमच कानावर येतात. इकडे टेलचे बागायतदार म्हणतात, "आवर्तन सुटलं म्हणे, पण आमच्या फाट्याला पाणी कुठं आलंय?" तिकडे कोथरूडला राहणारी आपलीच पोरं फोनवर सांगतात, "आज नळ आला नाही, टँकर मागवलाय." दोघांचं पाणी एकाच धरणाचं. आणि हल्ली घरंही एकच झाली आहेत. पोरांच्या शिक्षणापायी, नोकरीपायी आपल्यातल्या कितीतरी जणांची एक चूल गावात आणि दुसरी कोथरूडला पेटते. तेव्हा हे भांडण परक्याशी नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

आपण म्हणतो, पुणेकरांनी आपलं पाणी पळवलं. ते म्हणतात, ऊसवाले धरण पितात. दोन्ही बोलण्यांत थोडे थोडे खरे आहे. पण नुसते बोट दाखवून पाणी वाढत नाही. जरा हिशेब मांडून पाहू.

पुण्याला पाण्याची चिंता आजची नाही. पेशव्यांनी कात्रजचा तलाव बांधून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आणले, ती अठराव्या शतकातली गोष्ट. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले. ते बांधले शेतीसाठी आणि छावणीच्या पाण्यासाठी. १९६१ साली पानशेत फुटले, खडकवासलाही गेले, आणि पुढे दोन्ही पुन्हा उभी राहिली. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी आहे. एवढ्यात शहराने प्यायचे आणि हवेली, दौंड, इंदापूरच्या रानांनीही प्यायचे.

धरणे होती तेवढीच राहिली, शहर मात्र वाढले. कोथरूड हे एके काळी पुण्याबाहेरचे, शेताभाताचे गाव. आज तिथे पौड रस्त्याने गेलात तर शहर कुठे सुरू झाले नि गाव कुठे संपले ते सांगता येत नाही. विहिरी बुजल्या, ओढे आखडले, टेकडीच्या पायथ्यापर्यंत इमारती चढल्या. त्यातच २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे महापालिकेत आली. त्यांनाही पाणी हवेच. ते देऊ नका, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

आता आकडे पाहा. महापालिका आणि जलसंपदा खात्याच्या करारात शहराला वर्षाला ११.५ टीएमसी पाणी ठरले होते. अलीकडच्या वर्षांत प्रत्यक्ष उचल २० टीएमसीच्या घरात गेली. माणशी रोज १३५ लिटर हे शहरासाठीचे सरकारी माप. लोकसंख्या अगदी ६० लाख धरली तरी वर्षाला साडेदहा टीएमसी पुरते. मग वरचे पाणी जाते कुठे? एक तृतीयांशाहून अधिक पाणी गळतीत जाते, हे महापालिकेच्या कारभाऱ्यांनीच वेळोवेळी सांगितले आहे. उरलेले सारखे वाटले जात नाही. कोथरूडमध्ये सखल भागात गाड्या धुतल्या जातात आणि चढावरच्या सोसायटीत बाई बादली घेऊन टँकरची वाट पाहते. म्हणजे टेलचे दुखणे शहरातही आहेच! घरोघर मीटर, नव्या टाक्या, नव्या वाहिन्या अशी समान पाणीपुरवठ्याची योजना पालिकेने हाती घेतली खरी, पण ती वर्षानुवर्षे रेंगाळली. मापाशिवाय पाणी देणे म्हणजे वजनकाट्याशिवाय ऊस घेणे. आपल्या काट्यावर किलोभर फरक पडला तर आपण सभेत उठून उभे राहतो. मग पाण्याला काटा नको का?

पण माझ्या मते खरी गोम पुढेच आहे. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. २० टीएमसीतली गळती वजा केली तरी वर्षाला १० टीएमसीच्या आसपास पाणी शहराच्या गटारांतून वाहते. पानशेत धरणाचा उपयुक्त साठा साडेदहा टीएमसी आहे. म्हणजे मंडळी, जवळजवळ एक अख्खे पानशेत पुण्याच्या गटारांतून जाते आहे!

हे पाणी शुद्ध करून आपल्याला परत द्यावे, असे करारातच होते. साडेसहा टीएमसीचा आकडाही ठरला होता. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधून कालव्यात पाणी सोडण्याची सोय झाली. पाणी येऊ लागले, पण पुरेसे नाही आणि स्वच्छही नाही. फेस, वास आणि मचूळ विहिरी यांबद्दल कालव्याकाठच्या शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. जपानच्या कर्जातून शुद्धीकरणाच्या ११ नव्या केंद्रांचे काम घेतले आहे. ती नुसती बांधून भागणार नाही, ती रोज चालली पाहिजेत. हे अशक्य नाही. आपल्याच राज्यात नागपूरचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. इस्राएलात तर शहरांचे बहुतेक सांडपाणी शुद्ध होऊन शेतीलाच जाते.

कोथरूडकरांनाही काही करता येईल. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर पुण्याच्या पावसात ७० हजार लिटर पाणी पडते. त्यातले अर्धे जरी बोअरमध्ये मुरवले तरी उन्हाळ्यातले काही टँकर वाचतील. नवीन इमारतींना हे बंधनकारक आहे, पण कागदावरचा पाइप आणि गच्चीवरचा पाइप यांत फरक असतो.

आता आपल्या बांधावर या. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाला एकरी ८० लाख लिटरच्या आसपास पाणी लागते. त्यात १५० हून अधिक माणसांचे वर्ष निघेल. हा आकडा आपल्याला टोचतो, पण टाळून कसा चालेल? ठिबकने यातले ४० टक्के तरी वाचते, आणि उत्पन्न घटत नाही, उलट वाढते. २०१७ साली सरकारने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. सक्ती बाजूला राहू द्या. पाटाच्या जादा पाण्याने रान चोपण होते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. रात्री दार उघडून झोपी जायचे आणि सकाळी टेलच्या भावाला पाणी नाही म्हणून शहराला शिव्या द्यायच्या, हे बरे नव्हे.

म्हणून सुचवावेसे वाटते की, आपल्या वार्षिक सभेने ठराव करून तो कालवा सल्लागार समितीपुढे न्यावा. शहराला पाणी द्या, पण मोजून द्या. वापरलेले पाणी शुद्ध करून परत द्या, आणि त्याची तपासणी दर महिन्याला चावडीवर लावा. त्याच ठरावात आपलीही जबाबदारी लिहू: कार्यक्षेत्रात दरवर्षी ठिबकखाली किती एकर आणणार, तो आकडा अहवालात छापला जावा. स्वतःचे माप देणाऱ्याला दुसऱ्याचे माप मागण्याचा हक्क असतो.

कोथरूडचा नळ आणि आपला फाटा एकाच धरणाची लेकरे आहेत. त्यांचे भांडण लावून दोघांचीही तहान भागणार नाही. सभासदांनी यावर आपापली मते जरूर कळवावीत.

जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद