इंचॉनहून निघताना एक कुत्रा सोबत न्या

नोकरी, शिक्षण किंवा संशोधनासाठी दक्षिण कोरियात राहणाऱ्या आणि इथून अमेरिका-कॅनडाला ये-जा करणाऱ्या सर्व मराठी मंडळींना,

९ जानेवारी २०२४ रोजी कोरियाच्या संसदेने खाण्यासाठी कुत्री पाळणे, मारणे आणि विकणे बंद करणारा कायदा मंजूर केला. बाजूने २०८ मते पडली, विरोधात एकही नाही. मांसासाठी कुत्रा मारणाऱ्याला फेब्रुवारी २०२७ पासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन कोटी वॉनपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. ती बातमी आपल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरली, सगळ्यांना बरे वाटले आणि विषय संपला असे आपण धरून चाललो. तो संपलेला नाही. सरकारी मोजणीत देशभरातल्या सुमारे दीड हजार फार्मांवर ४ लाख ६६ हजारांच्या आसपास कुत्री निघाली. फार्म बंद करणाऱ्याला सरकार भरपाई देते, पण पिंजऱ्यातून सुटलेल्या कुत्र्याने जायचे कुठे? निवारे आधीच भरलेले. त्यात मुदत संपेपर्यंत विक्रीला मुभा ठेवलेली, म्हणून कित्येक मालकांनी उरलेली कुत्री कापायला पाठवली आणि मग फार्मला कुलूप लावले. कायद्याने धंदा बंद होतो. कुत्रा वाचतो तो मात्र त्याला घर मिळाले तरच.

हे फार्म कसे असतात ते ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. जमिनीपासून उंचावर बसवलेले तारेचे पिंजरे असतात आणि त्यांचा तळही जाळीचाच असतो. विष्ठा परस्पर खाली पडावी, कुणाला झाडावे लागू नये, एवढाच त्यामागचा विचार. जन्मभर जाळीवर उभे राहून पंजे फाकतात, बोटांच्या बेचक्यांत जखमा होतात. खायला हॉटेलांतले खरकटे. थंडीत उणे दहाला पारा उतरतो तेव्हाही आडोसा म्हणजे फार तर एखादी ताडपत्री. उन्हाळ्यातले ‘बोकनाल’ नावाचे तीन दिवस जवळ आले की कुत्र्याच्या मांसाच्या रश्श्याला मागणी वाढायची आणि पिंजरे रिकामे व्हायचे.

एक विनंती आधीच करते. हे वाचून कोरियन सहकाऱ्यांना जेवणाच्या टेबलावर टोमणे मारू नका. ही लढाई कोरियन नागरिकांनीच लढली. सोंगनामचा मोठा कत्तलखाना २०१८ मध्ये पाडला गेला, बुसानच्या गुपो बाजारातली कुत्र्याच्या मांसाची दुकाने २०१९ मध्ये बंद झाली, हे सारे इथल्या लोकांनी वर्षानुवर्षे रस्त्यावर उभे राहून मागणी लावून धरल्यामुळे. तरुण कोरियन माणूस बहुधा हे मांस खातच नाही, उलट घरच्या कुत्र्याला बाबागाडीत घालून फिरवतो. २०१७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी टोरी नावाचा सुटका झालेला काळा मिश्र जातीचा कुत्रा दत्तक घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी आणला. तोवर दोन वर्षे त्याला कुणी घरी नेले नव्हते.

अडचण नेमकी इथेच आहे. इथली बहुतेक माणसे फ्लॅटमध्ये राहतात, त्यांना लहान, मऊ केसांचे, ठरावीक जातीचे पिल्लू हवे असते. फार्मवरची कुत्री अंगाने मोठी. तोसा जात आणि तिच्या संकरांना कायद्याने धोकादायक ठरवलेले, पाळायचे तर सरकारी परवानगी लागते. बाकी कित्येक जिंदो जातीच्या संकरातली. शुद्ध जिंदो हा १९६२ पासून कोरियाचा संरक्षित नैसर्गिक वारसा, आणि त्याचीच मिश्र भावंडे या पिंजऱ्यांत! उभे कान, वळलेली शेपटी, पिवळसर अंग. पाहताक्षणी आपल्या गावच्या पारावरचा कुत्रा आठवावा.

म्हणून यांतल्या अनेकांना घरे मिळतात ती अमेरिकेत आणि कॅनडात. घर ठरते, कागद होतात, आणि कुत्रा महिनोन्‌महिने अडकून पडतो, कारण सोबत प्रवासी नसतो. एकट्याला मालवाहतुकीने पाठवणे फार महाग पडते. प्रवाशाच्या सामानाबरोबर पाठवले तर खर्च बराच कमी होतो. तुम्हाला एवढेच करायचे आहे: सोलहून लॉस एंजेलिस, सिॲटल, व्हँकूव्हर, टोरांटो अशा ठिकाणी जाणाऱ्या थेट विमानाचे तिकीट काढलेत की तारीख या कुत्र्यांना घरे शोधून देणाऱ्या संस्थेला कळवा. रेबीजची लस, मायक्रोचिप, आरोग्य दाखला, विमान कंपनीकडे नोंदणी आणि शुल्क ही जबाबदारी संस्थेची. इंचॉनला नेहमीपेक्षा थोडे लवकर जा, तिथे स्वयंसेवक पिंजरा घेऊन येतील. उतरल्यावर सामानासोबत तो ताब्यात घ्या, कस्टम्सला कागद दाखवा आणि बाहेर थांबलेल्या कुटुंबाच्या हाती द्या. प्रत्येक विमानात प्राण्यांची संख्या मर्यादित असते, तेव्हा शेवटच्या आठवड्यात कळवून उपयोग नाही. संस्था नोंदणीकृत आहे ना, दत्तक घेणारे कुटुंब नक्की ठरले आहे ना, हे विचारून घ्या. अनोळखी एकट्या माणसासाठी कुत्रा नेऊ नका.

ज्यांचा इथला मुक्काम मोठा आहे त्यांना कुत्र्याचा तात्पुरता सांभाळ करता येईल. घरमालकाला आधी विचारा. आमच्याकडे अशी एक कुत्री राहून गेली. तिला फरशीवर पाय टेकवण्याचीच भीती वाटायची. गवत तर तिने पाहिलेलेच नव्हते. माणूस खोलीत असेपर्यंत ती ताटलीला तोंड लावत नसे. मग एका संध्याकाळी, मी भाजी निवडत असताना, ती येऊन माझ्या पायाला पाठ लावून बसली. हे होईपर्यंत धीर धरावा लागतो, आणि ज्यांच्याकडे तेवढा वेळ नाही त्यांनी कुत्रा घरी आणू नये, हे मी स्पष्टच सांगते. कायमचे ठेवणार असाल तर महापालिकेत नोंदणी सक्तीची आहे.

अमेरिका-कॅनडातल्या नातलगांनाही हे कळवा. कुत्रा घ्यायचा विचार असेल तर पैदास करणाऱ्याकडे जाण्याआधी इथल्या कुत्र्यांची चौकशी करा. ज्यांच्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकावर घोड्यासोबत कुत्राही असतो, त्यांना यापेक्षा जास्त समजवायला नको.

गणपतीला जमाल तेव्हा प्रत्येक घराने पुढच्या वर्षभरातल्या आपल्या अमेरिका-कॅनडा प्रवासाच्या तारखा एका यादीत लिहाव्यात. ती यादी संस्थांपर्यंत पोचवण्याचे काम आम्ही काही जणी करू.