उन्हातले काम आणि ताटातले तेल

रस्त्यावर खडी पसरणारे, बांधकामावर घमेली वाहणारे, शेतात रोजंदारी करणारे आपले बंधू-भगिनी दिवसभर उन्हात राबतात. आपण खातो त्या तेलाचा आणि ऊन बाधण्याचा काही संबंध आहे का, ते आज पाहू.

खाल्लेल्या तेलातील स्निग्धांश त्वचेच्या पेशींच्या आवरणात जाऊन बसतो. कडक ऊन लागले की त्यापासूनच दाह करणारी द्रव्ये तयार होतात. कातडी लाल होते, आग होते. सूर्यफूल, करडई, मका यांच्या तेलात ओमेगा-६ हा प्रकार भरपूर असतो. त्यापासून ही द्रव्ये बनतात. माशांच्या तेलातील ओमेगा-३ त्यांना आवर घालते.

इंग्लंडमधील संशोधकांनी २००३ साली ४२ निरोगी व्यक्तींवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना तीन महिने रोज ४ ग्रॅम ओमेगा-३ दिले, त्यांची त्वचा लाल व्हायला पूर्वीपेक्षा सुमारे एक-तृतीयांश जास्त अतिनील किरण लागले. फायदा खरा, पण थोडा.

म्हणून महागड्या कॅप्सूलवर घामाचा पैसा घालवू नये, असे आम्हांला वाटते. बांगडा, तारली स्वस्त मिळेल तेव्हा आणावी. मासे न खाणाऱ्यांनी जवसाची चटणी करावी. मात्र तिचा उपयोग माशाहून कमी होतो.

आणि एवढे ध्यानात ठेवा: कोणतेही तेल डोक्यावरच्या पटक्याची, पुऱ्या बाह्यांच्या सदऱ्याची जागा घेत नाही. दुपारी घटकाभर सावली आणि प्यायला पाणी मुकादमाकडे मागताना संकोच करू नका.