मुलीलाही ‘का’ ते सांगा

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या म्हसळ्यातली बरीच कुटुंबं मुंबईला नातेवाइकांकडे जातात. ओपीडीत विषय निघालाच, तर मी त्यांना वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र सुचवतो. १९८५ पासून ते आहे आणि तिथल्या बऱ्याच वस्तू हाताळून, फिरवून बघायच्या असतात.

मागे तिथे कप्प्यांपाशी एक कुटुंब दिसलं. वडील मुलाला समजावत होते, कप्प्या वाढल्या की दोर जास्त ओढावा लागतो, म्हणून जोर कमी लागतो. छान सांगत होते. मोठी बहीण पाण्याची पिशवी धरून उभी. तिची पाळी आली तेव्हा म्हणाले, “ओढ. हं, जमलं. चला पुढे.”

योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण केविन क्राउली आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका बालसंग्रहालयात आईवडील मुलांशी काय बोलतात ते टिपलं होतं. वस्तू कशी वापरायची हे मुलगा-मुलगी दोघांनाही सांगितलं जात होतं. असं का होतं, हे मात्र मुलग्यांना सांगण्याचं प्रमाण तिप्पट होतं. २००१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलं जेमतेम एक ते आठ वर्षांची. आईबापांनी हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही.

मीही वेगळा नाही. दम्याच्या मुलाला श्वासनलिका कशी आकसते ते कागदावर काढून दाखवतो. मुलगी असली की आईकडे बघून ‘दोन वेळा द्या’ म्हणतो. याची किंमत आम्हाला रोज दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताक्षय आढळला. शाळेत लोहाची निळी गोळी मिळते. पण लोह रक्तात काय करतं, गोळीने शौचाला काळी का होते, चहाबरोबर ती का घेऊ नये, हे कुणी सांगितलेलं नसतं. एकदा काळी झाली की मुलगी घाबरून गोळी बंद करते, आणि घरी बोलत नाही.

तेव्हा विज्ञान केंद्रात जाल तर सगळी दालनं उरकू नका. दोन-तीन वस्तूंपाशी थांबा. उत्तर येत नसेल तर ‘मलाही माहीत नाही, करून बघू’ म्हणा. आजीला न्याच, रहाट तिने ओढलेला असतो.

वरळी जमलं नाही, तर विहिरीवरची कप्पी आहे. एकट्या कप्पीने जोर कमी लागत नाही, तरी पाणी काढणं सोपं का जातं? दोर खाली ओढताना अंगाचं वजन कामाला येतं म्हणून. पण हे लगेच सांगू नका, आधी मुलीला विचारा.