चालकाच्या हातातला फोन कोणाचा?

रस्ता सुरक्षा अभियान आले की शहराशहरांतून फलक लागतात, शाळकरी मुलांच्या फेऱ्या निघतात आणि वाहन चालवताना मोबाइल वापरू नका, असा उपदेश चौकाचौकांतून ऐकू येतो. उपदेश योग्यच आहे. परंतु ज्या उपदेशात माणसाच्या बेपर्वाईचा उल्लेख असतो आणि त्याच्या पोटाचा नसतो, तो अपुरा राहतो. मोबाइल हाती धरणाऱ्या चालकाला दोष देणे सोपे आहे. त्या मोबाइलवर हुकूम कोणाचा येतो आणि त्या हुकमातून नफा कोणाला होतो, हे विचारणे तितके सोपे नाही. रस्त्यावरील सुरक्षिततेचा खरा प्रश्न मात्र तेथूनच सुरू होतो.

धोक्याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. कॅनडातील टोरांटो शहरात अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. फोनवर बोलत असताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, फोन हातात न धरता बोलणाऱ्यांनाही त्यातून अधिक सुरक्षितता लाभल्याचे आढळले नाही. याचा अर्थ उघड आहे. फोन केवळ हात अडकवत नाही, तो मन अडकवतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला अकरा मीटर अंतर कापते. पडद्यावरचा निरोप वाचण्यात तीन सेकंद गेली, तर तो स्वार तेहतीस मीटर डोळे मिटून गेल्यासारखाच असतो.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत सुमारे पंचाहत्तर हजार दुचाकीवरील होती आणि सुमारे तेहतीस हजार पादचारी. म्हणजे मृतांपैकी सुमारे चौसष्ट टक्के लोक हे ज्यांच्याभोवती पोलादी कवच नाही असे होते. वाहन चालवताना मोबाइल वापरल्यामुळे झालेल्या मृत्यूंची नोंद त्या वर्षी ३,३९५ इतकी आहे. हा आकडा एकूण मृत्यूंच्या सुमारे दोन टक्के भरतो. तो वाचून समाधान मानू नये. कारण अपघातापूर्वीच्या क्षणी चालकाची नजर कोठे होती, हे पंचनाम्यात क्वचितच उतरते. भरधाव वेग किंवा चुकीची बाजू या सदरांत नोंदलेल्या मृत्यूंमागेही पडद्याकडे वळलेली नजर असू शकते.

आता हा फोन वापरणारे कोण, ते पाहू. त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग हौसेने किंवा सवयीने बोलणाऱ्यांचा. मोटारीतून जाताना व्यवहाराच्या गप्पा मारणाऱ्या अशा गृहस्थाला दंड झालाच पाहिजे. त्याची कीव करण्याचे काहीच कारण नाही. दुसरा वर्ग मात्र निराळा आहे. अन्नाची पाकिटे, किराणा, औषधे घरोघरी पोचवणारे दुचाकीस्वार आणि ॲपवर चालणाऱ्या टॅक्सी-रिक्षांचे चालक यांच्यासाठी फोन म्हणजे हजेरीपट, मुकादम आणि मालक एकाच वेळी असतो. काम त्यावर येते, ते काही सेकंदांत स्वीकारावे लागते, रस्ता तोच दाखवतो, गिऱ्हाईक त्याच्यावरूनच ‘कुठवर आलात?’ म्हणून विचारते आणि उशीर झाल्याची नोंदही त्यावरच होते. ठरावीक फेऱ्या पुऱ्या केल्या तर जास्तीची रक्कम, नाही तर नाही, असा हिशेब असल्यावर त्या माणसाने फोन खिशात ठेवावा, असे सांगणे म्हणजे गिरणी कामगाराला मागाकडे पाहू नकोस, असे सांगण्यासारखे आहे.

अशा श्रमिकांची संख्या लहान नाही. नीती आयोगाच्या २०२२ मधील अहवालानुसार २०२०-२१ साली देशात या प्रकारच्या कामात सुमारे ७७ लाख माणसे होती आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा त्याचा अंदाज आहे. या साऱ्यांच्या कपाळी दुचाकी नाही, हे खरे. पण शहरातील रस्त्यांवर जे दिसते ते पुरेसे बोलके आहे. गाडी स्वारांची, पेट्रोल त्यांचे, जखमही त्यांची. आणि कंपनी म्हणते की ते आमचे कामगार नव्हेत, भागीदार आहेत.

कायदा काय म्हणतो? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरून फोन वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात गणले गेले. त्यासाठी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद अशी शिक्षा आहे. पुढे ऑक्टोबर २०२० पासून, एकाग्रता ढळणार नाही अशा रीतीने केवळ मार्ग पाहण्यासाठी फोन वापरण्यास नियमांनी मुभा दिली. मार्ग दाखवणारा पडदा आणि काम लादणारा पडदा एकच आहे, ही गोष्ट नियमकर्त्यांच्या ध्यानी आलेली दिसत नाही. परिणाम असा की, चौकातला कॅमेरा स्वाराचे छायाचित्र घेतो, ई-चलान त्याच्या नावे निघते आणि ज्याने त्या क्षणी फोन वाजवला तो छायाचित्रात कोठेच नसतो.

वास्तविक आपल्या कायद्याला मालकाची जबाबदारी अपरिचित नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकास आणि वाहनमालकास दोषी धरण्याची तरतूद २०१९ सालीच झाली. आणि १९८८ च्या मूळ कायद्यातील कलम १८३ तर याहून पुढे जाते. वेगमर्यादा मोडणाऱ्याइतकाच, आपल्या नोकराला किंवा आपल्या नियंत्रणाखालील माणसाला ती मोडायला लावणाराही दोषी आहे, असे ते सांगते. एवढेच नव्हे, तर वेगमर्यादा न मोडता जो प्रवास पुरा होणे शक्य नाही, असा प्रवास ठरलेल्या वेळेत पुरा करण्याचे वेळापत्रक प्रसिद्ध करणे किंवा तसा आदेश देणे, हाच ते करणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मानला जाईल, असेही त्यात म्हटले आहे. येथे ‘नियंत्रण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भागीदार म्हणा की आणखी काही. ज्याचा प्रत्येक मिनिटाचा ठावठिकाणा कंपनीला ठाऊक असतो, तो तिच्या नियंत्रणाखाली नाही असे कोण म्हणेल?

कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे. २०२१ पासून दहा मिनिटांत घरपोच माल देण्याच्या घोषणा सुरू झाल्या, तेव्हाही ते दिले गेले. गोदामे वस्तीजवळ आहेत, अंतर थोडे आहे, वेग वाढवण्याची गरजच नाही, असे ते उत्तर. त्यात तथ्याचा अंश आहे. पण अंतर थोडे असले तरी फेऱ्या अनेक असतात, आणि मोबदला फेरीवर मिळतो. घाई एका फेरीत नसून दिवसाच्या कमाईत दडलेली असते.

याच स्वरूपाचा प्रश्न अमेरिकेत एकदा उभा राहिला होता. अर्ध्या तासात पिझ्झा पोचवण्याची हमी देणाऱ्या डॉमिनोज कंपनीच्या वाहनाने झालेल्या अपघाताच्या खटल्यात १९९३ साली सेंट लुइस येथील ज्यूरीने जखमी स्त्रीला सुमारे ७ कोटी ९० लाख डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला. त्यानंतर कंपनीने ती हमीच मागे घेतली. उपदेशाने जे झाले नव्हते, ते जबाबदारी अंगावर येताच झाले. उत्पादनाचा खर्च समाजाच्या माथी मारून नफा मात्र खाजगी ठेवायचा, या प्रवृत्तीचे विवेचन विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० सालीच केले होते. रस्त्यावर सांडलेले रक्त हाही असाच ताळेबंदाबाहेर ठेवलेला खर्च आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. मोटार वाहन कायद्यातील ‘ॲग्रिगेटर’ची व्याख्या प्रवासी वाहतुकीपुरती आहे, ती माल पोचवणाऱ्या कंपन्यांपर्यंत वाढवून त्यांनाही परवान्याच्या अटी लागू कराव्यात. गाडी चालू आहे की थांबली, हे ॲपला कळते. म्हणून चालत्या गाडीवर नवे काम किंवा गिऱ्हाइकाचा फोन जाणार नाही, अशी व्यवस्था सक्तीची करावी. फेऱ्यांवरील बक्षिसाऐवजी कामाच्या तासांवर किमान मोबदला मिळावा. त्यात थांबण्याचा वेळही धरावा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांची मर्यादा घातली होती. तिचे तत्त्व या श्रमिकांनाही लागू व्हावे. आणि प्रत्येक अपघाताच्या तपासात स्वार त्या वेळी कोणासाठी काम करीत होता, याची नोंद व्हावी.

सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आणि कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा कल्याणनिधीला देण्याची तरतूद तिच्यात आहे. ती स्वागतार्ह आहे. पण अपघातानंतरची मदत ही अपघात टाळण्याच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही.

कार्यकर्त्यांसाठी काम येथेच आहे. चौकात, गोदामाबाहेर, उपाहारगृहाच्या दारात उभ्या असलेल्या या तरुणांशी बोलावे, त्यांची चलाने व कामाचे तास लिहून घ्यावेत आणि ती माहिती परिवहन खात्यापुढे ठेवावी. ज्या सहानुभूतीदारांच्या घरी संध्याकाळी पाकीट येते, त्यांनीही वाटेतल्या माणसाला फोन लावण्यापूर्वी क्षणभर थांबावे. पाच मिनिटे उशिरा आलेले जेवण निवते, एवढेच. त्या घाईत गेलेला जीव मात्र परत येत नाही.